सगळं कोरडं हाय, साहेब

मला लघवी धरवत नाही. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितो आहे. मार्चमधल्या त्या प्रवासापर्यंत ते कुणाजवळ बोललोही नव्हतो. बायकोला माहीत नव्हतं, भावाला नव्हतं. आणि ज्या डॉक्टर मॅडमच्या हाताखाली मी नोकरी करतो, ज्यांचा सगळा जन्म लोकांचे मूत्रविकार बरे करण्यात गेला, त्यांनाही नाही. वय बावन्न. सगळ्या पँटी काळ्या, कारण काळ्यावर ओल दिसत नाही. बॅगेत कायम एक जोड जास्तीचा. ऑफिसात मला टापटिपीचा माणूस समजतात.

माझं काम काय, तर गावोगाव जाऊन लोकांना हेच विचारायचं. रात्री किती वेळा उठता? धार नीट येते का? मूल अंथरूण ओलं करतं का? पुण्याच्या एका रुग्णालयाचे दोन अभ्यास मराठवाड्यात चालू आहेत. एक पन्नाशीपुढच्या पुरुषांचा, दुसरा रात्री अंथरुणात लघवी होणाऱ्या मुलांचा. मुलांच्या अभ्यासात अर्ध्या जणांना औषधाची गोळी आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. कुणाला कोणती, हे मला माहीत नसतं, मॅडमनाही नसतं. अभ्यास संपल्यावरच पाकिटांवरचे आकडे उघडतात. पालकांना हे सगळं आधी नीट समजावून सांगायचं आणि मगच त्यांची संमती घ्यायची. दिवाळीतल्या फेरीत ते काम माझ्याकडे होतं. ते मी कसं केलं, ते पुढे येईलच.

ही फेरी होती गुण किती आला ते पाहायची.

नांदेड

मी गावं लक्षात ठेवतो ती मुताऱ्यांवरून. कुणी मला नांदेड कसं आहे असं विचारलं, तर मी गोदावरीबद्दल, गुरुद्वाऱ्याच्या पांढऱ्या घुमटाबद्दल बोलतो. पण मनात पहिल्यांदा येते ती स्टेशनातली उजव्या हाताची पाटी. त्या सकाळीही उतरल्या उतरल्या आधी तिकडेच गेलो. बाहेर आलो तर गनीभाई गाडी पुसत उभे.

गनीभाई आमचे नेहमीचे ड्रायव्हर. साठीच्या आसपासचे, मेंदी लावलेली दाढी, मराठी आणि दखनी एकाच वाक्यात. "आओ सर. पुण्यात लई थंडी हाय म्हंतेत?" मी म्हटलं, "आता कसली थंडी, मार्च आहे." "मग स्वेटर कामून बांधून आलाव?" स्वेटर मी कमरेला बांधलेला होता. त्यामागे काय झाकायचं होतं ते मला माहीत होतं. मी हसलो.

नाश्त्याला सुशीला खाल्ली. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी, वर दाण्याचा कूट, लिंबू. आमच्याकडे पोह्यांना जो मान, तो इथे हिला. आणि न मागता चहा. आमच्या पुण्यात "चहा घेणार का?" असं विचारतात आणि त्या प्रश्नातच 'नको' म्हणायला जागा ठेवलेली असते. इथे विचारत नाहीत. चहा येतो. आणि समोरचा तो पिईपर्यंत तुमच्या तोंडाकडे बघत बसतो. दिवसाला दहा घरं म्हणजे दहा चहा. माझ्यासारख्या माणसाने या नोकरीत पडायलाच नको होतं.

एक मात्र होतं. गनीभाई रस्त्यात अधूनमधून, बरोबर झाडी बघून, गाडी कडेला घ्यायचे. "टायर देखता जरा," म्हणून खाली उतरायचे आणि पाठ करून उभे राहायचे. ते टायर फार बघतात, एवढंच मला वाटायचं.

उमरी

उमरीच्या पुढच्या एका गावात अंगणवाडीच्या खोलीत बायका मुलं घेऊन जमल्या होत्या. भिंतीवर फळांची चित्रं, कोपऱ्यात खिचडीचं पातेलं. दिवाळीत याच बायका पदर तोंडाला लावून, एकमेकींकडे न बघता बोलत होत्या. आज सगळ्या हसऱ्या.

"कसं काय आहे आता?"

"सगळं कोरडं हाय, साहेब."

दुसरीला विचारलं. "कोरडं हाय." तिसरी म्हणाली, "गोळी लईच गुणाची निघाली बघा." चौथी म्हणाली, "माझ्या मालकाला बी द्या एखादी. रात्रभर बडबड करतेत, तेवढी बंद झाली तर बघा." सगळ्या हसल्या. मीही हसलो. मुलं तेवढी हसत नव्हती. ती जमिनीकडे बघत होती. ते मी पाहिलं, पण लाजत असतील असं समजलो.

बाहेर आलो आणि आनंदाने मॅडमना फोन लावला. 

"सगळेच बरे झाले?" मॅडम म्हणाल्या. "अहो, अर्ध्यांना आपण औषधच दिलेलं नाही."

"नुसत्या गोळीनेही काहींना गुण येतो, मॅडम."

"काहींना. सगळ्यांना नाही. काहीतरी चुकतंय. घरी जाऊन विचारा."

माझा पार गोंधळ झाला. दहा बायका खोटं कशासाठी बोलतील? त्यांना त्यातून काय मिळणार? उलट खरं सांगितलं तर त्यांचाच फायदा. गाडीत मी हे सगळं मोठ्याने बोलत होतो. गनीभाई शांतपणे गाडी चालवत होते. शेवटी म्हणाले, "सर, इधर मेहमान को नक्को नै बोलते. तुम्ही एवढं पुण्याहून येतेव, गोळ्या देतेव, लेकरांच्या डोक्यावर हात ठेवतेव. तुमाला तोंडावर कसं म्हणायचं, तुमची गोळी फुकट गेली म्हून?"

"पण मी तर खरंच ऐकायला आलोय."

"हौ. पर वो लोगां तुम को खुश करने कू आए थे."

दोघांनीही एकमेकांसाठी एवढा त्रास घेतलेला आणि मधल्यामध्ये खरी गोष्ट हरवली. हे कुणाचं चुकलं म्हणायचं, मला कळेना. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस फुलला होता. एरवी मी थांबून बघितला असता.

देगलूर

देगलुरात पाट्यांवर मराठीच्या बाजूला तेलुगू दिसायला लागतं आणि बाजारात दर तिसरा माणूस कानडी बोलतो. तिथे मोठ्यांच्या अभ्यासातले अप्पा राहतात. धान्याचं दुकान, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आवाज अख्ख्या गल्लीला पुरेल एवढा.

"या या! रा रा! बर्री!" तीन भाषांतलं स्वागत झालं. "शरणार्थ," त्यांनी लिंगायतांचा नमस्कार घातला. "चहा आन रे!"

मी विचारलं, "अप्पा, रात्री किती वेळा उठता आता?"

"उठतच न्हाई. ढाराढूर झोपतो."

"धार?"

"एकदम नळाची. दोन मिनिटं बसा हां," असं म्हणून ते आत गेले. परत आले, पोत्यांवर हात ठेवून बसले, तुरीच्या भावाबद्दल बोलले, पुन्हा "दोन मिनिटं" म्हणून आत गेले. माझा चहा संपेपर्यंत ते तीनदा आत जाऊन आले. तिसऱ्या वेळी मला राहवलं नाही.

"अप्पा, तीनदा गेलात."

"मी? मी कवा गेलो?" त्यांनी गड्याकडे पाहिलं. "गेलो का रे मी?"

"न्हाई अप्पा," गडी म्हणाला. त्याने हसू दाबलं होतं.

दुपारी त्यांच्याकडेच जेवलो. ज्वारीची भाकरी, येसर आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि हाताने फोडलेला कांदा. येसर म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्यांचं पीठ. त्याची आमटी जिभेला आधी साधी वाटते आणि मग कानापर्यंत पोचते. अप्पा वाढत होते आणि मला वाटत होतं, हा माणूस माझ्यासारखाच आहे. फरक एवढाच की हा माझ्या भल्यासाठी लपवतो आहे आणि मी स्वतःच्या. जेवताना तेवढं बोलायची हिंमत झाली असती, तर पुढचं टळलं असतं. पण मी फक्त भाकरी छान आहे म्हणालो.

जळकोटच्या आत

जळकोटपासून आत गेलं की बालाघाटाच्या उतरणी लागतात. मुरमाड माळ, मधेच काळ्या रानाचा तुकडा, काढलेल्या ज्वारीच्या पेंढ्या रचलेल्या. गावाचं नाव लिहीत नाही. मुलीचं नावही बदललं आहे. रेवती हे नाव तिने स्वतः निवडून दिलं.

रेवती अकरा वर्षांची. वर्गात पहिली. जूनमध्ये तिला लातूरच्या निवासी शाळेत जायचं होतं, परीक्षा पास होऊन नंबर लागला होता. दिवाळीत मी या घरी संमती घ्यायला आलो, तेव्हा तिचे वडील एकच म्हणाले होते, "होस्टेलात तीस पोरी एका हॉलमधी झोपतेत. अशी कशी धाडू?" मला त्या दिवशी आणखी चार घरं करायची होती आणि मला स्वतःला केव्हापासून लागली होती. समजावून सांगायला अर्धा तास लागतो. मी पाच मिनिटांत उरकलं. आणि उठता उठता रेवतीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, "जूनपर्यंत थांबेल बघ. जाशील तू लातूरला."

असं म्हणायचं नसतं. तिच्या पाकिटात औषध आहे की नाही हेच मला माहीत नव्हतं. पण म्हणालो.

आता ओसरीवर सतरंजी टाकलेली, मला मध्ये बसवलेलं, धपाटे आणि दही समोर. रेवतीची आई, रुक्मिणीबाई, दाराच्या चौकटीला टेकून उभ्या. वडील, माधवराव, रानातून नुकतेच आलेले, पायाला माती.

"कसं आहे?"

"कोरडं हाय, साहेब," आई म्हणाली. "तुमच्या तोंडात साखर पडो. लातूरची पेटी बी घेतली तिला."

रेवती खांबाआड होती. तिने मान हलवली, हो म्हणून.

मी "घरी जाऊन विचारा" हा मॅडमचा शब्द आठवून पुढे काही विचारणार, तेवढ्यात मला लागली. ज्याला हे आहे त्यालाच कळेल. ती येते म्हणजे ठोठावत येत नाही, दार फोडूनच आत येते. मी उठलो, "जरा मागे जाऊन येतो" म्हणालो आणि घराच्या मागच्या बाजूला धावलोच. संडासचं दार मला दिसत होतं. तिथवर जायला वाटेत दोरीवर वाळत घातलेल्या वाकळी, म्हणजे गोधड्या, बाजूला कराव्या लागल्या. एक वाकळ, दुसरी, तिसरी. सगळ्या धुतलेल्या, एक अजून ठिबकणारी. घराच्या पुढच्या बाजूला, जिथे ऊन चांगलं होतं, तिथे नव्हत्या. इथे, सावलीत, जिथे कुणी बघणार नाही.

आणि त्या वाकळींच्या मध्येच, दाराला हात लागायच्या आधी, माझं झालं. स्वेटर गाडीत. बॅग गाडीत. काळी पँट ओली झाली की दिसत नाही हा माझा समज होता. उन्हात चांगली दिसते.

मागे पावलं वाजली. रेवती. हातात पाण्याने भरलेला तांब्या. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. हसली नाही, घाबरली नाही. तांब्या पुढे केला.

"वरून वता," ती हळूच म्हणाली. "समद्या पँटीवर. आन म्हना, पाय धुताना तांब्या सांडला. मी बी रोज सकाळी तसंच करते. आई उठायच्या आधी वाकळीवर तांब्या वतते. आईला वाटतं, मी लई वेंधळी हाय."

मी तांब्या घेतला आणि ओतला. पाणी गार होतं. 

"तुमाला बी होतं का, काका?"

"हो."

"मग तुमी गोळ्या घेत न्हाई का?"

"नाही."

"कामून?"

मी रिकामा तांब्या तिला परत दिला.  मग जे तिच्या मनात खरं होतं ते तिने विचारलं. "उमरीच्या पोरींचं बंद झालं म्हनं. अंगणवाडीच्या ताई सांगायल्या होत्या. एकटीचंच माझं न्हाई झालं. माझ्यात कायतरी खोट हाय का? का माझ्या गोळ्याच खोट्या हायत?"

मी तिला म्हणालो, "उमरीच्या मुलींचं मला नक्की माहीत नाही. तुझ्या गोळ्यांचंही माहीत नाही. खरंच नाही. पण तुझ्यात खोट नाही, एवढं माहीत आहे."

"मग जूनपर्यंत थांबेल म्हनून कसं सांगितलं?"

ओल्या पँटीतच मी ओसरीवर आलो. माधवराव म्हणाले, "अरे, काय झालं साहेब?" माझ्या तोंडात तांब्याचं वाक्य तयार होतं. रेवती खांबाशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "तांब्या सांडला नाही. मला लघवी झाली. मला हा त्रास आहे."

 रुक्मिणीबाईंनी पदर तोंडाला लावला. मग मी सगळं सांगितलं. गोळीत औषध असेल किंवा नसेल, हे दिवाळीत सांगायचं होतं आणि मी घाई केली. जूनचं वचन मला द्यायचा अधिकार नव्हता. रेवतीला बरं वाटत नसेल तर तिला अभ्यासातून केव्हाही बाहेर पडता येतं, डॉक्टरांकडून उघड औषध घेता येतं, तो तिचा हक्क आहे आणि तोही मी सांगितला नव्हता.

"मग आमी काय म्हणावं?" रुक्मिणीबाई शेवटी म्हणाल्या, रागाने नाही, वैतागून. "पोरगी म्हनली कोरडं हाय. मला बी शंका होती. पण अंगणवाडीच्या ताई म्हनल्या, गुण न्हाई म्हनलं तर साहेबांना कामावरून काढतेत. तुमाला लेकरं असतील की."

"आहेत. पण कुणी काढत नाही."

माधवराव बराच वेळ पायाची माती खरडत बसले. मग त्यांनी मान वर केली. "तुमची पँट वाळंल. पण माझ्या पोरीचा जून जातो की साहेब. लातूरचं काय करायचं, ते सांगा."

मला माहीत नव्हतं. मी तसंच म्हणालो. त्या ओसरीवर मी बोललेलं सगळ्यात खरं तेच. ते खरं असूनही कुणाच्या काही उपयोगाचं नव्हतं, आणि हेच मला अजून समजत नाही.

गाडीशी आलो तर गनीभाईंनी बॅग आधीच उघडून ठेवली होती. त्यांनी माझ्या पँटीकडे पाहिलं आणि टायरकडे वळले.

"गनीभाई, तुम्हाला माहीत होतं?"

"टायर बघायलो सर," ते म्हणाले. "टायर."

लातूर

रात्री जळकोटच्या मुक्कामावरून मी मॅडमना फोन करून सगळं सांगितलं, उमरीसकट, माझ्यासकट. त्या चिडल्या, चिडायलाच हव्या होत्या. सगळ्या घरांत दुसरं माणूस पाठवून पुन्हा विचारायचं ठरलं. मग आवाज बदलून म्हणाल्या, "आणि तुम्ही मला कधी सांगणार होतात?" 

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या सांगण्यावरून रेवतीला आणि माधवरावांना गाडीत घेऊन आम्ही लातूरला त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे गेलो. वाटेत निलंगा राईसचा गाडा दिसला, तिथे थांबलो. पिवळाधमक, तेलात चमकणारा भात, बरोबर तळलेली मिरची. रेवतीने दोन प्लेटी खाल्ल्या. माधवराव माझ्याशी अजून बोलत नव्हते, पण माझ्या प्लेटीत कांदा नाही हे बघून त्यांनी आपला कांदा उचलून माझ्या प्लेटीत ठेवला.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी रेवतीला तपासलं, सोनोग्राफी केली, किडनी-मूत्राशय सगळं ठीक असल्याचं सांगितलं. ओल लागताच वाजणारी घंटी वापरायची, संध्याकाळनंतर पाणी कमी, आणि गरज पडली तर गोळी, या वेळी काय आहे ते नाव वाचून. "पण महिने लागतात," ते म्हणाले. "जूनपर्यंत थांबेलच असं मी सांगणार नाही."

माधवराव माझ्याकडे न बघता डॉक्टरांना म्हणाले, "बरं झालं तुमी न्हाई सांगितलं."

डॉक्टर उठायच्या बेतात होते. रेवती खुर्चीवरून उतरली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "या काकांनाबी दाखवायचं हाय."

माझे कान तापले. मी "नंतर येतो" म्हणालो. तिने माझ्याकडे तसंच पाहिलं, जसं आदल्या दिवशी वाकळींमधून पाहिलं होतं. मी बसलो.

बाहेर पडल्यावर माधवरावांनी तिला विचारलं, "मग? जायचं का यंदा होस्टेलला, का पुढच्या साली?"

रस्त्यावर क्लासहून सुटलेल्या मुला-मुलींचे घोळकेच्या घोळके चालले होते, पाठीवर दप्तरं, हातात वडापाव. रेवती त्यांच्याकडे बघत राहिली.

"जायचं," ती म्हणाली. "तांब्या हाय की."

ती विनोद करत होती की नव्हती, मला कळलं नाही. माधवरावांनाही नाही. त्यांनी तोंड फिरवलं आणि पागोट्याच्या टोकाने डोळे पुसले.

मी पुण्याला परत आलो. बायकोला सांगितलं, ती म्हणाली, "सतरा काळ्या पँटी कशाला लागतात, मला कधीच कळलं नव्हतं." माझं औषध चालू आहे. त्या पाकिटावर नाव आहे.

रेवतीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी अजून दिलेलं नाही. त्या अभ्यासातली पाकिटं अजून उघडलेली नाहीत. उघडली की तिच्या गोळ्या खऱ्या होत्या की पोकळ, हे मला समजेल. तेव्हा ती जिथे असेल तिथे, लातूरच्या हॉलमध्ये किंवा घरच्या ओसरीवर, मला जाऊन तिच्या समोर बसून ते सांगायचं आहे. फोनवर नाही आणि दुसऱ्या कुणाच्या तोंडून नाही. एवढं मी तिचं देणं लागतो.